रुफिनाच्या मागं कोण

२९ नोव्हेंबर १९८१, रविवार

माझ्याच हाताला लागायची होती ही चिठ्ठी! चौदा बायका, चौदा चिठ्ठ्या, आणि मला नेमकी हीच — रुफिना.

वोनजूहून आमच्या चर्चमध्ये नवीन सिस्टर आल्यात, त्यांचं हे खूळ. 'गुप्त मैत्रीण' म्हणे. जिचं नाव निघेल तिच्यासाठी नाताळपर्यंत रोज प्रार्थना करायची. दर रविवारी आपल्या हातानं केलेली एक वस्तू, तिचं नाव लिहून, मिस्साआधी टोपलीत ठेवायची. विकतचं काही चालणार नाही. कुणाला सांगायचं नाही. चोवीस तारखेला सगळ्यांनी गोल बसायचं, सिस्टर एकेकीचं नाव घेणार, आणि तिची गुप्त मैत्रीण उठून तिच्या मागं जाऊन उभी राहणार.

बार्बारा आजी म्हणाली, "सिस्टर, आमच्याकडं कुणाच्या घरात काय करपलं ते अख्ख्या चाळीला कळतं. गुप्त कसलं राहतंय इथं!" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग चिठ्ठी उघडली.

रुफिना म्हणजे ओ आडनावाच्या मुकादमाची बायको. ज्यानं नऊ ऑक्टोबरला, खाणीत छताच्या टेकूंची लाकडं करकरत असताना, माझ्या नवऱ्याला आत पाठवलं त्या मुकादमाची. माझ्या नवऱ्याला आणि शेजारच्या इन्होला. दोघांना वर काढायला तीन दिवस लागले. मुकादम बाहेर उभा — अंगावर ओरखडा नाही! चौकशीत स्वतःच्या तोंडानं म्हणाला, "मीच पाठवलं." आता खटला होईपर्यंत तुरुंगात आहे. आणि ही बाई दर रविवारी येऊन तिसऱ्या बाकावर बसते! तोंड कसं दाखवते कुणास ठाऊक.

चिठ्ठी परत टाकते म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. मुठीत धरून घरी आणली.

३० नोव्हेंबर

रोज प्रार्थना करायची ना? केली. काय मागितलं ते इथंसुद्धा लिहीत नाही.

२ डिसेंबर

सरकत्या पट्ट्यावर दहा तास. कोळशातून दगड वेचायचे. इथं सगळ्या विधवाच. नवरा कामावर असताना गेला तर बायकोला ही नोकरी आणि चाळीतली खोली राहते — अशी कंपनीची रीत. नवरा दिला की दगड वेचायला मिळतात!

घरी आले तर युन्सिलनं जमिनीवर सगळा पसारा मांडलेला. नूडल्सची पाकिटं उलटी करून आतली चंदेरी बाजू वर, पट्ट्या कापलेल्या, भाताच्या खळीनं एकात एक कड्या चिकटवलेल्या. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साखळी झालीय. आठ वर्षांच्या पोरीच्या मानानं हात सुबक आहे.

"कुणी शिकवलं?"

"रुफिना काकूंनी. मागच्या वर्षी."

मी साखळी ओढून तोडणार होते. नाही तोडली. पोरीनं बाप गेल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी करायला घेतलंय.

५ डिसेंबर

मोनिका मावशी येऊन बसली होती. इन्होची आई. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत. इन्हो एकुलता एक. लग्नाला तीन महिने झाले होते, सून माहेरी निघून गेली. आता ती आणि तिच्या किमचीच्या, आंबवलेल्या कोबीच्या बरण्या.

मावशी म्हणाली, "उद्या टोपली आहे. केलंस का काही?"

मी म्हटलं, "सांगायचं नसतं."

"नको सांगूस, मलाही सांगायचं नाहीये." मग थोडं थांबून — "त्या मुकादमिणीचं नाव ज्या बिचारीला आलं असेल तिला देवानं बळ देवो."

मी खाली मान घालून मोजे शिवत राहिले. अंत्यविधीच्या दिवशी मावशीनं रुफिनाच्या थोबाडीत मारली होती. सगळ्यांदेखत. रुफिना तशीच उभी राहिली, गालाला हातसुद्धा लावला नाही. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. खरं तेच लिहायचं तर अजूनही वाटतं.

६ डिसेंबर, रविवार

मी टोपलीत काही ठेवलं नाही.

मिस्सा झाल्यावर सिस्टर एकेक नाव वाचून वस्तू वाटत होत्या. बार्बारा आजीला मेणबत्त्यांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची नवी मेणबत्ती, वाटीत ओतलेली. कुणाला पाइनच्या शंकूचा पक्षी. मला सुया टोचायची उशी — चिंध्यांची, पण टाके काय सुरेख! कोण असेल माझी? शेवटी टोपली रिकामी झाली आणि रुफिना हात मांडीवर ठेवून बसलेली. सिस्टर टोपलीत पुन्हा पुन्हा बघत होत्या, जणू तळाशी काही अडकलंय.

मावशी माझ्या कानात म्हणाली, "देवाला डोळे आहेत गं."

मी घरी येऊन पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी.

९ डिसेंबर

काही न देणं पुरेसं नाही. काही न दिलं तर तिला वाटेल, कुणीतरी विसरलं असेल. विसरलं नाही कुणी!

१२ डिसेंबर, शनिवार

झालं.

ऑक्टोबरमधल्या वर्तमानपत्राच्या दोन प्रती माझ्याकडं होत्या. एक जपून ठेवली. दुसरीतून अपघाताच्या बातमीचं पान काढलं. आठ चौकोन कापले, प्रत्येकाची पतंगासारखी घडी, टोकं खळीनं एकमेकांवर चिकटवली. आठ पाकळ्यांचा तारा. चौकोन मुद्दाम असे कापले की दोघांची नावं मधोमध आली — माझ्या नवऱ्याचं आणि इन्होचं, शेजारी शेजारी. तीन वेळा चुकलं. दोरा ओवून टांगून बघितला. छान झाला! इतकी छान वस्तू मी जन्मात कधी केली नव्हती.

युन्सिल म्हणाली, "आई, कुणाला देणार? मला हवा."

मी तिच्यावर खेकसले.

१३ डिसेंबर, रविवार

रुफिनानं पुडी उघडली. मी समोरच्याच बाकावर होते, मान वळवून बघत होते, लाज सोडून. तिनं तारा दोऱ्याला धरून उचलला. फिरवला. तो थांबला तेव्हा त्यावरचं वाचलं. मला वाटलं, आता रडेल. नाहीतर फाडेल. नाहीतर ओरडेल, 'कुणी केलं हे?' म्हणून. तयारच होते मी, उठून सांगणार होते — मी केलं!

बार्बारा आजी शेजारून म्हणाली, "अगं बाई, किती नेटक्या घड्या! बघू बघू. काय छापलंय त्यावर?"

रुफिनानं तारा दुमडून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला. म्हणाली, "माझं आहे ते, आजी."

बस. एवढंच. आजीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण माझा सगळा आनंदच गेला. तिनं मला झाकलं का? कशाला झाकलं? मी कुठं सांगितलं होतं झाक म्हणून!

मला या रविवारी युन्सिलच्या मापाचं बिनबाह्यांचं स्वेटर मिळालं. राखाडी लोकर, जुनीच, उसवून पुन्हा विणलेली. पोरीनं ते रात्रीसुद्धा काढलं नाही.

१६ डिसेंबर

बर्फ. पडतं तेव्हा पांढरं, दुपारपर्यंत काळं.

पट्ट्यावरून येताना दगडाच्या ढिगाऱ्यापाशी रुफिना दिसली. टाकाऊ दगडातून कोळशाचे खडे वेचत होती, उघड्या हातांनी. हात लालबुंद, बोटांना भेगा पडलेल्या. घरात सासू अंथरुणाला खिळलेली, खोलीच्या जमिनीखालची चूल पेटती ठेवायला काहीतरी लागणारच. माझ्यासारखी नोकरी तिला कोण देणार? तिचा नवरा जिवंत आहे ना.

दोन बायका पुढं चालल्या होत्या. एकीनं ढिगाऱ्याकडं बघून थुंकी टाकली. मी थुंकले नाही. पण थांबलेही नाही.

१७ डिसेंबर

पट्ट्यावर सारखे तेच हात दिसत होते. कामात दोनदा चुकले, मुकादम ओरडला. नवा मुकादम.

१९ डिसेंबर, शनिवार

आज चर्च झाडायची माझी पाळी होती. मागच्या भिंतीवर सिस्टरनी दोरी बांधलीय. ज्यांना भेटी मिळाल्या त्यांनी आपल्या गुप्त मैत्रिणीसाठी दोन ओळी लिहून, वर स्वतःचं नाव घालून, चिमट्यानं अडकवायच्या. मी सोमवारीच माझ्या मैत्रिणीला लिहून लावलं होतं — 'स्वेटर अगदी मापात बसलं. देव तुमचं भलं करो.' ते कुणीतरी नेलेलं.

एक चिठ्ठी राहिली होती. रुफिनाची. आत कुणी नव्हतं. मी घेतली. तशीच्या तशी उतरवून ठेवते:

'तारा मिळाला. दोन्ही नावं वाचली. खिडकीत टांगलाय, सकाळी उजेड तिथूनच येतो. रोज दोघांसाठी प्रार्थना करते. तुमच्या मनात आणखी काही पाठवायचं असेल तर पाठवा. मी घेईन.'

झाडू भिंतीला टेकवून निघाले.

रागच आला आधी. म्हटलं, ढोंगी कुठली! संत होऊन बसलीय! माझ्या नवऱ्याच्या नावाची प्रार्थना करायला तिला सांगितलंय कुणी? मग रस्त्यातच रडू फुटलं. मी तारा केला तेव्हा त्याच्या नावाभोवती नुसती कात्री चालवली होती. प्रार्थना मी एकदाही केली नव्हती त्याच्यासाठी. जे मागितलं ते तिचं वाईट व्हावं म्हणूनच मागितलं.

घरी येऊन नवऱ्याचं तपकिरी स्वेटर काढलं. कोपरावर विरलंय. बाकी लोकर धड आहे. उसवायला घेतलं.

२० डिसेंबर, रविवार

एकच हातमोजा झालाय. एक काय द्यायचा? त्यामुळे टोपलीत आजही काही नाही. रुफिनाकडं बघवलं नाही.

मला वाळवलेली, खजुरासारखी गोड पर्सिमन फळं, गवताच्या दोरीत ओवलेली. कोण आहे ही बाई? माझ्यासाठी कुणी एवढं करावं असं मी काय केलंय?

मिस्सानंतर सगळ्यांनी मिळून येशूजन्माची गव्हाणी मांडली. मक्याच्या वाळक्या पानांची माणसं — पानं कोमट पाण्यात भिजवायची, मऊ झाली की डोक्याशी गोळा बांधून खाली झगा सोडायचा. युन्सिलनं तीन मेंढपाळ केले. गाद्यांतला कापूस उपसून बर्फ. रुफिनानं करून आणलेला योसेफ बायकांनी मागं, गवताआड ठेवला. बार्बारा आजीनं तो उचलून परत पुढं आणला. "योसेफाशिवाय गव्हाणी? मरियेला एकटीला टाकता काय गं, भवान्यांनो?"

२२ डिसेंबर

दुसऱ्या हातमोज्याचा अंगठा जमत नाहीये. दोनदा उसवला.

मोनिका मावशीनं लोकर ओळखली. "हे तर त्याचं."

"हो."

"कुणासाठी?"

मी म्हटलं, "हात गार पडतात पट्ट्यावर." खोटं बोलले. मावशीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "कर, कर. त्याची ऊब तुझ्याच अंगाला लागू दे."

२३ डिसेंबर

झाले दोन्ही. एक थोडा मोठा झालाय. मी काय बोलणार आहे ते ठरवलंय — काहीच नाही. उठायचं, तिच्या मागं उभं राहायचं, हातमोजे मांडीवर ठेवायचे आणि परत यायचं. माफ केलं असं नाही. माफ नाहीच केलं. पण तारा मी केला होता, एवढं तिला कळलं पाहिजे. आणि हात झाकले पाहिजेत तिचे.

लोक काय म्हणतील? म्हणू देत. मावशी काय म्हणेल — तिथंच अडतंय.

२४ डिसेंबर, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी चार. चौदा जणी गोल बसलो. मध्ये चहाची किटली. हातमोजे माझ्या कोटाच्या खिशात. रुफिना दाराजवळ.

सिस्टर नाव घेत होत्या, एकेक उठत होती, हसू, टाळ्या. बार्बारा आजीच्या मागं जी उभी राहिली तिला आजी म्हणाली, "तूच ती! आणि मी महिनाभर भलत्याच बाईला भाकरतुकडा देत होते!" माझं नाव आलं. माझ्या खांद्यावर हात पडला. वळून बघितलं तर मोनिका मावशी!

"ओळखलं नाहीस ना?" म्हणाली. "पोरीचं स्वेटर इन्होच्या लोकरीचं आहे. म्हटलं, माझ्या लेकराची ऊब तुझ्या लेकराला." आणि रडायला लागली. मी रडले, सगळ्या रडल्या. ती परत जागेवर गेलीच नाही, माझ्याजवळच बसली, माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरून.

सिस्टरनी शेवटचं नाव घेतलं. "रुफिना."

तेरा जणी उठून झाल्या होत्या. उरले होते मी. मोजायला काय अक्कल लागते? सगळ्यांना कळलं. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, आणि एकीच्याही डोळ्यांत 'ऊठ' नव्हतं. सगळ्या म्हणत होत्या, बरं केलंस. मावशीनं माझा हात आणखी घट्ट दाबला. "नको गं," एवढंच पुटपुटली.

बार्बारा आजी तेवढी म्हणाली, "आगाता."

मी उठले नाही. पाय होते, उठता आलं असतं. खिशात हात घालून हातमोजे धरून बसले.

सिस्टर म्हणाल्या, "रुफिनाच्या मागं कोण?"

रुफिनाच म्हणाली, "असू दे, सिस्टर. चहा निवतोय." उठली, किटली घेतली, आणि सगळ्यांना चहा ओतला. मलाही. कपाला तिची भेगाळलेली बोटं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं नाही.

२५ डिसेंबर

नाताळ. तिसरा बाक रिकामा.

२६ डिसेंबर

सकाळी उठून गेले. म्हटलं, तिच्या दारातच देते, कुणी बघितलं तरी बघू देत. मोनिका मावशीनं बघितलं तरी.

दाराला कुलूप. शेजारची म्हणाली, "काल दुपारी ट्रक आला. सासूला गादीसकट उचलून टाकलं मागं. मुकादमाला शिक्षा लागली ना, दोन वर्षं. कंपनीनं नाताळ होईपर्यंत तरी राहू दिलं म्हणायचं."

"कुठं गेली?"

"कुणी विचारलं तिला?"

हातमोजे परत आणले. कुणाला पत्ता माहीत नाही. सिस्टरना विचारायचं तर त्या वोनजूला गेल्यात, नव्या वर्षातच येणार. सापडेलच म्हणा. पोस्टानं पाठवीन. आतमध्ये दोन ओळी लिहीन. त्या दोन ओळी काय ते अजून सुचत नाही.

२८ डिसेंबर

गिलसू आला होता. अपघाताच्या दिवशी त्याच पाळीत होता तो. उंबऱ्यातच बसला, बूट काढले नाहीत. म्हणाला, "वहिनी, मुकादमाला शिक्षा झाली, आता माझ्याच्यानं पोटात ठेववत नाही."

लाकडं करकरली तेव्हा मुकादमानं सगळ्यांना बाहेर काढलं होतं. सगळे आले होते. माझा नवरा एकटा मागं फिरला — जेवणाचा डबा आत राहिला म्हणून. 'डबा खाली राहिला तर माणूस खाली राहतो' — हे इथल्या प्रत्येक बाईसारखं मीच त्याला रोज बजावायची. मुकादम ओरडत राहिला. इन्हो त्याला ओढून आणायला आत धावला.

हुकूम मोडून गेले असं निघालं असतं तर कंपनीनं माझी आणि मावशीची, दोन्ही खोल्या काढून घेतल्या असत्या. म्हणून मुकादम म्हणाला, मीच पाठवलं. रुफिनाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

इन्हो माझ्या नवऱ्याला आणायला गेला होता.

भिंतीवर थाप पडतेय. मोनिका मावशी. "आगाता, ये गं जेवायला. तुझ्यासाठी थांबलेय."